मुलगी काय करते असं विचारलं, तर काय सांगू?

नमस्कार ताई,

मी बडोद्याचा, मांजलपूरला राहतो. वय 63. कोयलीच्या बाजूला एका पेट्रोकेमिकल कारखान्यात 1984 साली ट्रेनी ऑपरेटर म्हणून लागलो आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी एकाच गेटमधून केली. मधे व्हीआरएस आली, बरोबरचे कितीतरी जण गेले, मी टिकलो. माझे वडील आधी बडोदे संस्थानच्या महसूल खात्यात आणि नंतर कलेक्टर कचेरीत होते. मला बँकेचीही ऑर्डर आली होती. ती सोडून मी कारखान्यात गेलो, तेव्हा ते कित्येक महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. "रात्रपाळी करणारी माणसं आपल्या घरात नव्हती," म्हणायचे. पत्नी गृहिणी आहे. घरी गणिताच्या शिकवण्या घेते. घराचा वरचा मजला त्याच पैशांतून झाला.

मुलगी 28 वर्षांची. लहानपणी मी रात्रपाळी करून दुपारी झोपलेलो असायचो, तेव्हा आवाज नको म्हणून आपली आपण शेजारी जाऊन खेळायची, इतकी समजूतदार. इथेच एम. एस. युनिव्हर्सिटीतून केमिकल इंजिनिअर झाली, दहेजला चांगल्या कंपनीत लागली, पर्मनंट झाली. साडेतीन वर्षांनी राजीनामा देऊन मोकळी. म्हणाली, रोजचे पाच तास बसमध्ये जातात, आणि मला कामासाठी जगायचं नाही. आता घरूनच दोन-तीन कन्सल्टंट कंपन्यांचं हॅझॉपचं, म्हणजे कारखान्यातले धोके आधीच शोधून काढायचं, काम करते, कॉन्ट्रॅक्टवर. कधी महिनाभर रात्री अकरापर्यंत लॅपटॉपसमोर, कधी पंधरा दिवस काहीच नाही. पैसे वाईट नाहीत. मागच्या महिन्यात हालोलच्या एका कंपनीने पर्मनंट नोकरी देऊ केली, ती तिने नाकारली. त्यावरून घरात मोठा वाद झाला. मी म्हणालो, "आम्ही तुला आळस शिकवला नव्हता." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

स्थळं येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, मुलगी कुठे असते नोकरीला? मला उत्तर सुचत नाही. आमचं काय चुकलं?

– एक वडील, बडोदे

सप्रेम नमस्कार,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगते, ती आजच करा. महिनाभर रात्री अकरापर्यंत कामाला बसणारी मुलगी आळशी नसते. हे तुमच्याच पत्रात आहे, मी वेगळं काही सांगत नाही. ते वाक्य मागे घ्या. तेव्हा मी का चिडलो होतो, मला तुझी किती काळजी वाटते, असं काही पुढेमागे जोडू नका. "मी तसं बोलायला नको होतं," एवढं पुरे. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता ते पाच तास. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. बडोद्यात 1960 आणि 70च्या दशकांत जे मोठे कारखाने आले ते शहराला खेटून आले. कोयलीची रिफायनरी 1965 साली सुरू झाली, त्याच दशकात जीएसएफसीचा खत कारखाना उभा राहिला, 1969 साली आयपीसीएल या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीची स्थापना झाली. कारखान्याला लागून वसाहत, वसाहतीत शाळा आणि दवाखाना, आणि गावात राहणाऱ्यांना कोपऱ्यावरून उचलून नेणारी कंपनीची बस. तुमची आठ तासांची पाळी जाण्यायेण्यासकट साडेनऊ-दहा तासांत आटपत असणार. तुमच्या मुलीच्या पिढीला केमिकलची नोकरी मिळते ती बऱ्याचदा दहेजला, खंबातच्या आखाताच्या काठी, बडोद्यापासून शंभर किलोमीटरहून लांब. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर बसमध्ये सव्वाशे तास झाले. तुमच्या हिशेबाने सांगायचं तर आठ-आठ तासांच्या पंधरा पाळ्या ती दर महिन्याला बिनपगारी करत होती, तीही साडेतीन वर्षं. तुमच्या सगळ्या नोकरीत असा प्रसंग आला नाही. त्यात तुमचा दोष नाही, पण "मी टिकलो, ती टिकली नाही" असं म्हणताना त्या पंधरा पाळ्या हिशेबात धरल्याच पाहिजेत.

"कामासाठी जगायचं नाही" हे तिचं बोलणं तुम्हाला लागलं, हे पत्राच्या सुरावरून कळतं. जणू तुम्ही तसे जगलात असंच ती म्हणाली. ती तुमच्याविषयी बोलत होती असं मला वाटत नाही. पण दुपारी घरात आवाज होऊ नये म्हणून शेजारी जाऊन खेळणाऱ्या मुलीला, कामासाठी घर कसं श्वास रोखून राहतं, ते चांगलं माहीत असतं. तिने तुमचं काम हलकं मानलेलं नाही. उलट त्याची किंमत घरातल्या माणसांना काय पडते ते फार जवळून पाहिलं आहे.

तुमच्या वडिलांविषयी तुम्ही तीन-चारच वाक्यं लिहिलीत. मला पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तोच वाटतो. ते ज्या कचेरीत लागले ती सयाजीराव महाराजांनी घडवलेल्या कारभाराची कचेरी होती. 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारं, गावोगाव ग्रंथालयं काढणारं ते राज्य. अशा राज्याला लिहिणारी, हिशेब ठेवणारी, नियम जाणणारी माणसं लागत. बडोद्यातल्या किती मराठी घरांची चूल त्या कचेऱ्यांवर पेटली, ते दांडिया बाजार-रावपुऱ्यातली जुनी माणसं आजही सांगतील. मग 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1960 साली मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि बडोदे गुजरातेत आलं. म्हणजे तुमच्या वडिलांनी एका नोकरीत तीन सरकारं पाहिली. वरचा राजा गेला, मुंबई गेली, दफ्तराची भाषा बदलली, पण खुर्ची राहिली आणि पहिल्या तारखेचा पगार राहिला. अशा माणसाने मुलाला काय सांगावं? खुर्ची धर, ती बुडत नाही. बँकेची ऑर्डर म्हणजे त्यांच्या लेखी तीच खुर्ची. तुम्ही ती सोडून हेल्मेट घालून रात्री कारखान्यात जायला निघालात, तेव्हा त्यांना अपमान वाटला असेल असं तुम्हाला आजवर वाटत आलं असावं. मला वाटतं त्यांना भीती वाटली होती.

तुम्हाला जे तारून गेलं ते वेगळं होतं. गेट, पाळी, युनियन, पीएफ, ग्रॅच्युइटी, कंपनीचा दवाखाना. तुम्ही घर बांधलंत, मुलीला इंजिनिअर केलंत, ते त्या गेटच्या जोरावर. साहजिकच तुम्ही मुलीला म्हणता, गेट सोडू नकोस.

आणि ती काय पाहत मोठी झाली? 2002 साली आयपीसीएलचा कारभार सरकारकडून रिलायन्सकडे गेला आणि 2007 साली ती कंपनीच रिलायन्समध्ये विलीन झाली. बडोद्याच्या ओळखीचा भाग झालेलं नाव ती शाळेत असतानाच पाटीवरून उतरलं. तुमच्याकडे व्हीआरएस आली, बरोबरचे लोक गेले. आपल्या घरी चहाला येणारे काका पन्नाशीच्या आत घरी बसलेले तिने पाहिले असणार. तुम्ही टिकलात हे तुम्हाला आठवतं. बाकीचे गेले हे तिला आठवतं. तेव्हा तिने असं काही धरून ठेवायचं ठरवलं जे कुणी पाटी उतरवली तरी तिच्याजवळच राहील: स्वतःचं कसब. तुमच्या वडिलांनी, तुम्ही आणि तिने, तिघांनीही एकच केलं आहे. जे बुडताना दिसलं त्यापासून लांब झालात आणि जे तरताना दिसलं त्याला धरलंत. प्रत्येकाला बुडताना दिसलेली वस्तू निराळी, एवढाच फरक. मग घरी येणारी नवी पिढी आपल्या भरवशाची गोष्ट हातातून सोडते तेव्हा ती बेपर्वा वाटते. तुमच्या वडिलांना तुम्ही वाटलात, तुम्हाला ती वाटते.

बडोद्यात कसबाच्या भरवशावर बाहेर पडणाऱ्यांची परंपराही कचेरीइतकीच जुनी आहे. 1890 साली इथे कलाभवन निघालं, रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायला. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. पुढे 1907 साली त्यांच्यासह कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिक कंपनी काढली. दादासाहेब फाळके कलाभवनचेच विद्यार्थी. पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी सोडून ते छपाईच्या धंद्यात गेले आणि तिथून सिनेमात. तुमची मुलगी ज्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकली ती त्याच कलाभवनाची पुढची पायरी आहे. फाळक्यांचं नाव घेऊन तुमची समजूत काढायचा माझा विचार नाही. त्यांचं कसब थोर होतं, पण पैशाचा आधार त्यांना कधीच नीट मिळाला नाही आणि शेवटची वर्षं ओढगस्तीत गेली. त्या बाजूकडे मी पुढे येणारच आहे.

त्याआधी तुमच्या घरातल्या तिसऱ्या कमावत्या माणसाविषयी. पत्नी गृहिणी आहे असं लिहिलंत आणि पाठोपाठ लिहिलंत की वरचा मजला तिच्या शिकवण्यांतून झाला. तुमच्या घरात कॉन्ट्रॅक्टवर काम करणारी मुलगी ही पहिली नव्हे. तुमच्या पत्नीला कुणी ऑर्डर दिली नाही. एप्रिल-मेमध्ये वर्ग रिकामा, जूनमध्ये जागा पुरत नाही. कुणाची फी दोन महिने थकते आणि मागायचा संकोच वाटतो. बोर्डाच्या परीक्षेआधी रात्रीचे नऊ वाजतात, मग महिनाभर काही नाही. पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही. तुमच्या मुलीच्या कामाची जी-जी लक्षणं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत ती सगळी याच घरात तुम्ही इतकी वर्षं रोज पाहिलीत. पण त्याची काळजी कुणी केली नाही, कारण घरचा पगार गेटमधून येत होता आणि शिकवण्या "घरच्या घरी" चालल्या होत्या. बायकांनी घरात बसून केलेल्या कामाची अनिश्चितता आपल्याला कधी बोचत नाही. तीच अनिश्चितता इंजिनिअर मुलीच्या वाट्याला आली की आपण झोप गमावून बसतो. मला वाटतं दोन्हीची काळजी तेव्हाच करायला हवी होती. आणि दोन्हीचा मानही.

"आमचं काय चुकलं" याचं उत्तर इथेच आहे. विषय तिने तुमचा घेतला, रीत आईची घेतली. तिने आपल्या वेळेला, आपल्या हिमतीवर, घरच्या टेबलाशी बसून पैसे मिळवणारी आणि मजला चढवणारी बाई पाहिली आहे. ते तिला अशक्य किंवा कमीपणाचं का वाटावं? एक गोष्ट मात्र मला खटकली. एवढ्या मोठ्या वादात तुमच्या पत्नीचं मत काय, ते पत्रात कुठेच नाही. त्यांना विचारा. मुलीच्या धंद्याविषयी घरात सर्वांत जास्त अनुभव त्यांच्याजवळ आहे.

स्थळांच्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे, तुम्ही ते लाजत शोधताय म्हणून सापडत नाही. "मुलगी केमिकल इंजिनिअर आहे, कारखान्यांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करते, स्वतंत्र व्यवसाय आहे." मान वर करून सांगा आणि थांबा, खुलासा नको. डॉक्टरला किंवा सीएला कुणी विचारत नाही, पर्मनंट आहात का म्हणून. आयकर कायद्यात छोट्या व्यावसायिकांसाठी, मिळालेल्या रकमेपैकी निम्मी उत्पन्न धरून त्यावर कर भरण्याची जी सोय आहे, तिच्या यादीत डॉक्टर, वकील, हिशेबनीस यांच्या शेजारी अभियंतेही आहेत. सरकारच्या दफ्तरात तुमची मुलगी त्या रांगेत बसते. हे तुमच्या वडिलांनासुद्धा पटलं असतं. समोरच्या घराला पगाराची स्लिपच हवी असेल तर तो त्यांचा हक्क आहे. ते स्थळ जाऊ द्या. आणि बोलणी सुरू असताना मुलगी खोलीत असेल तर हा प्रश्न तिलाच घेऊ द्या. आपल्या कामाविषयी तीच तुमच्याहून चांगलं सांगेल.

आता तुमच्या भीतीकडे येते, कारण ती पोकळ नाही. कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कॉन्ट्रॅक्टवर असणं म्हणजे काय ते ठाऊक असतं. पासचा रंग वेगळा, कॅन्टीनची वेळ वेगळी, बसमध्ये जागा नाही, आणि टाकीत उतरायची वेळ आली की पुढे तोच. 1970 साली कंत्राटी कामगारांसाठी कायदा झाला तरी पर्मनंट आणि कंत्राटी यांच्यामधली रेघ पुसली गेली नाही, ती तुम्ही रोज पाहिलीत. मुलगी "कॉन्ट्रॅक्टवर आहे" म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर ती माणसं येत असतील तर तुमचा जीव खालीवर होणारच. नुसत्या ऑर्डरने मान मिळत नाही, याचाही पुरावा आपल्याच शहरात आहे. 1917 साली बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून, शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. इतक्या शिकलेल्या अधिकाऱ्याला जातीमुळे शहरात राहायला जागा मिळाली नाही. कचेरीत हाताखालची माणसंही शिवाशिव पाळत. पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढलं आणि काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावं लागलं. जी खुर्ची तुमच्या वडिलांना बुडणार नाही अशी वाटली, ती बाबासाहेबांना बसूही देत नव्हती. काम पर्मनंट आहे की कॉन्ट्रॅक्टवर, याइतकंच ते करणाऱ्याला "नाही" म्हणता येतं का, हेही पाहावं लागतं. तुमच्या मुलीने हालोलची नोकरी नाकारली, म्हणजे आज तिला ते म्हणता येतं. कंत्राटी कामगाराला येत नव्हतं. हा फरक मोठा आहे, पण तो कायमचा नाही. पन्नाशीला पोहोचल्यावर, आजारपणात, मंदीत, तिला "नाही" म्हणता यावं म्हणून तयारी आज करावी लागेल. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. तिच्या वयाच्या मुलामुलींना हे ऐकायला आवडत नाही, तरी सांगायला हवं.

म्हणून पर्मनंट नोकरीचा आग्रह सोडा आणि पर्मनंट नोकरी तुम्हाला न मागता जे देत होती ते तिने स्वतः उभं केलंय का, एवढंच विचारा. साडेतीन वर्षांत नोकरी सोडल्यामुळे तिची ग्रॅच्युइटी गेली, त्यासाठी पर्मनंट माणसाला सलग पाच वर्षं लागतात. ते नुकसान झालं, आता उगाळू नका. पीएफ मात्र तिने काढून खर्च केलेला नसेल तर तो तसाच राहू दे. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची नोकरी लागते. तिची साडेतीन जमा आहेत. पेन्शनच्या भागासाठी स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवलं, तर पुढे कधी नोकरी धरली तेव्हा ही वर्षं त्यात मिळवता येतात. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपला असणार. स्वतःचा घेतलाय का, हे सगळ्यांत आधी विचारा. विमा घेताना जो आजार अंगात असतो त्याच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून तो धडधाकट असतानाच घ्यायचा असतो. आपण तरुण आहोत म्हणून तो पुढे ढकलणारी खूप मुलं मला पत्रं लिहितात, आणि बहुतेकांचं पत्र उशिरा आलेलं असतं. मग पीपीएफ आहे, पंधरा वर्षांचा. एनपीएस ही पेन्शनची योजना 2009 पासून सगळ्या नागरिकांना खुली आहे. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात. तुमच्या पगारातून जे दर महिन्याला आपोआप कापलं जायचं ते तिला स्वतःच्या हाताने कापावं लागणार आहे, आणि ज्या महिन्यात काम नाही त्या महिन्यातसुद्धा. ही शिस्त नोकरीपेक्षा अवघड आहे.

आणखी एक, जे तुमच्याइतकं तिला कुणी समजावू शकणार नाही. तिच्या करारात काय लिहिलंय? पैसे किती दिवसांत, काम वाढलं तर दर काय, हे ठीकच. पण ती कारखान्याच्या सुरक्षिततेच्या कागदावर काम करते. उद्या त्या कारखान्यात काही झालं तर तिच्या नोंदीची जबाबदारी कुणाची, तिची की कन्सल्टंट कंपनीची? हे करारात स्पष्ट असायला हवं, आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा ती कंपनी घेते की हिने घ्यायचा, तेही. तुम्ही आयुष्यभर वर्क परमिटवर, म्हणजे प्लांटमध्ये काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर, सह्या केल्यात. सहीचं वजन तुम्हाला कळतं.

इथून मी मूळ गोष्टीकडे येते. तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं, या बाप-लेकीचं काम तर एकच आहे! वाचकांसाठी थोडक्यात सांगते: हॅझॉप म्हणजे कारखान्याचा नकाशा समोर ठेवून, एकेक पाइप आणि एकेक भांडं घेऊन प्रश्न विचारायचे. प्रवाह थांबला तर? जास्त झाला तर? उलटा फिरला तर? दाब वाढला, तापमान घसरलं तर? प्रत्येक "तर"चं कारण, परिणाम आणि तो अडवणारी योजना लिहून काढायची. 1960च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय या रसायन कंपनीत ही पद्धत घडली. आपल्याकडे या सगळ्याची निकड रक्ताने शिकवली. तुम्ही नोकरीला लागलात त्याच 1984च्या डिसेंबरात भोपाळ झालं. 1987 साली कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांसाठी नवं प्रकरण आलं, 1989 साली घातक रसायनांचे नियम आले, मोठ्या कारखान्यांना सुरक्षिततेचा अहवाल द्यावा लागू लागला. तुम्ही कंट्रोल पॅनेलसमोर उमेदवारी करत होता तेव्हा तुमच्या भोवती हे सगळं बदलत होतं. त्या बदलातूनच तुमच्या मुलीचं आजचं काम निघालं आहे. हालोलची नोकरी ती कदाचित याचसाठी नाकारत असेल की तिला हेच करायचंय. तुम्ही तिला विचारलंय का? पत्रावरून वाटतं, तुम्ही पगार विचारलात, मुदत विचारलीत, काम विचारलं नाहीत.

हॅझॉपच्या बैठकीत प्रोसेसचा इंजिनिअर असतो, इन्स्ट्रुमेंटचा असतो, आणि प्लांट प्रत्यक्ष चालवलेला माणूस असावाच लागतो. पहाटे तीनला कोणता अलार्म ऑपरेटर न पाहताच दाबून बंद करतो, कोणता व्हॉल्व्ह कागदावर उघडा आणि जागेवर गंजलेला असतो, पाळी बदलताना कोणता निरोप हमखास राहून जातो, हे नकाशात नसतं. ते तुमच्या डोक्यात आहे. साडेतीन वर्षांत तिने त्यातलं थोडं पाहिलं असेल, तुम्ही सगळं पाहिलंय. कामाच्या ठिकाणचे गोपनीय कागद तिने तुम्हाला दाखवू नयेत आणि तुम्ही मागू नयेत. पण "तुमच्या वेळी असं झालं होतं का हो, बाबा?" एवढा प्रश्न विचारायला कुठला करार आड येत नाही.

घाई मात्र करू नका. वाक्य मागे घेतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसलात तर तिला ती पाळत वाटेल. आधी आठ-दहा दिवस नुसतं साधं बोलणं परत येऊ द्या. मग एखाद्या संध्याकाळी ती काम आवरून उठली की विचारा, आज कुठल्या भांड्यापर्यंत आलात? आणि ती सांगायला लागली की मधे उपाय सुचवू नका, तिचं पूर्ण होऊ द्या. पुढचं विचारायचं की नाही ते तिला ठरवू द्या.

विम्याचं मात्र याच आठवड्यात विचारा. तिला राग आला तरी चालेल.